भोरमध्ये चालले ते वडवणीत का चालत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यात आठ वर्षे नीट चाललेले बचत गटांचे आणि गावोगावच्या अभ्यासिकांचे काम आपल्या संस्थेने बीड जिल्ह्यातील वडवणी तालुक्यात नेले. आराखडा तोच होता, प्रशिक्षणे तीच होती, पैसा तेवढाच होता आणि कार्यकर्ते तर भोरमधल्यांपेक्षा अधिक शिकलेले होते. तरीही दोन वर्षांत तेथे एकही गट स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही. यात चूक कार्यकर्त्यांची की लोकांची, आणि एकाच राज्यात संस्था प्रदेशागणिक इतक्या वेगळ्या का वाढतात, असे आपण विचारले आहे.

चूक या दोघांचीही नाही. आराखडा भोरचा होता, एवढेच झाले. गेली तीसेक वर्षे मी लहान संस्थांची घटनापत्रे, हिशेब आणि विश्वस्तांमधली भांडणे पाहत आलो आहे, आणि त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. संस्था कोणत्या विचारातून निघाली यावर तिचे उद्देश ठरतात, परंतु ती निघाली त्या वेळी त्या भागात आधीपासून कोण बळकट होते यावर तिचा आकार ठरतो. कोठे सहकारी साखर कारखाना असतो, कोठे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेणारा मुकादम, कोठे वनखाते, तर कोठे मुंबईत राहणारे गावचेच लोक. संस्था या बळकटांच्या शेजारी जी जागा उरते, त्या जागेत वाढते. आणि ती जागा प्रत्येक प्रदेशात निराळ्या आकाराची असते.

आधी वडवणीकडेच पाहू. काही वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यातल्या एका गावात मला महिला बचत गटाची हजेरीवही दाखवण्यात आली. आषाढापासून आश्विनापर्यंतची पाने सह्या आणि अंगठ्यांनी भरलेली होती. दिवाळीनंतरच्या पानांवर मात्र सतरा नावांपैकी चौदा नावांपुढे निळ्या शाईने एकच शब्द लिहिलेला होता, ‘गैरहजर’, आणि तो पार चैत्रापर्यंत उतरत गेला होता. वही लिहिणारी मुलगी प्रामाणिक होती. तिला प्रशिक्षणात शिकवले होते तसेच ती लिहीत होती. त्या चौदा जणी गैरहजर नव्हत्या, त्या सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांसाठी उसाच्या फडात तोडणीला गेल्या होत्या. बीडमध्ये नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि एका कोयत्याची उचल, म्हणजे मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम, आज लाखाच्या घरात जाते. ही उचल पावसाळ्यात, सणासुदीच्या तोंडावर मुकादमाकडून घेतली जाते आणि पुढचे पाच-सहा महिने ती ऊस तोडून फेडली जाते. अशा घरात महिन्याला शंभर रुपये बचत आणि जानेवारीत दहा हजारांचे अंतर्गत कर्ज या योजनेला काही अर्थच राहत नाही. पैशाची खरी नड श्रावण-भाद्रपदात असते आणि जानेवारीत ते घर कुलूपबंद असते. अभ्यासिकेचेही तसेच होते. जूनमध्ये भरलेली अभ्यासिका दिवाळीनंतर निम्मी होते, कारण काही मुले आईबापांबरोबर जातात आणि काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मागे राहिलेल्या मोठ्या मुलीच्या अंगावर तर सगळे घरच येऊन पडते.

आता भोरमध्ये नेमके काय होते ते आठवून पाहा. पुरुष पुण्यात, शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यांत कामाला असतात, पण बाई गावात असते. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी डेअरीतून मिळतो. जिल्हा बँकेची शाखा आणि विकास सोसायटीचा सचिव हे तीन पिढ्यांच्या ओळखीचे असतात. पासबुक, जामीन, थकबाकी, लाभांश हे शब्द घरात बोलले जातात. आपले गट या सगळ्यावर उभे होते. आपल्या अहवालात ते संस्थेचे यश म्हणून नोंदले गेले असेल आणि त्यात खोटे काही नाही, परंतु त्या यशातला मोठा वाटा डेअरीचा आणि पासबुकाच्या सवयीचा होता, हे भोर सोडल्याशिवाय कळत नाही.

पश्चिम महाराष्ट्राची गोष्ट येथूनच सुरू होते. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. त्या विचारावर वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. लोकांनी मूठमूठ धान्य देऊन वसतिगृहे चालवली. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९६० चा सहकारी संस्था कायदा आला, आणि शाळा, दवाखाना, पाणी उपसा योजना, पतपुरवठा ही इतर प्रदेशांत स्वयंसेवी संस्थांनी केलेली कामे येथे कारखान्याच्या छत्राखाली गेली. त्यामुळे येथे संस्थेला कामाची जागा सापडते ती कालवा जेथे संपतो तेथे. पुरंदरच्या कोरड्या बाजूला, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवायचा, भूमिहीनालाही तो द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम होते. यातला प्रत्येक नियम शेजारच्या बागायती सहकाराला दिलेले उत्तर आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पाणी पंचायत समजत नाही. माणदेशात म्हसवडला १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची बँक निघाली, तीही सहकारातच निघाली, परंतु ज्या बायकांना सहकाराने कधी सभासदच मानले नव्हते त्यांची म्हणून. धरणग्रस्तांच्या संघटनाही याच भागात पक्क्या झाल्या, कारण येथे पाणी अडवले गेले ते कोणाच्या तरी गावावर. पश्चिम महाराष्ट्रातल्या संस्थेला एक प्रश्न टाळता येत नाही : उद्घाटनाला कारखान्याच्या अध्यक्षांना बोलवायचे की नाही? मी अनेक विश्वस्त मंडळांत या एका प्रश्नावर रात्री अकरापर्यंत चर्चा झालेली पाहिली आहे, आणि ती चर्चा निरर्थक नव्हती. पुढच्या दहा वर्षांची दिशा तेथे ठरत होती.

मराठवाड्याला हा इतिहास मिळाला नाही, आणि ज्याला तेथे काम करायचे आहे त्याने ही गोष्ट कधीच नजरेआड करू नये. पुण्यात महर्षी कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, भारत सेवक समाज १९०५ चा, सेवासदन १९०९ चे. म्हणजे वर्गणी मागणे, पावती फाडणे, वार्षिक सभा भरवणे आणि सभेत अध्यक्षांना टोकणे या गोष्टी तेथे शंभर वर्षांहून जुन्या आहेत. त्याच काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध फर्मानाखाली साधी जाहीर सभा भरवायची तरी सरकारची परवानगी लागत असे. निजाम राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरायला १९३७ साल उजाडले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या शिक्षणसंस्था हेच तेथले सार्वजनिक जीवन होते. स्वामी रामानंद तीर्थ त्यांतूनच पुढे आले. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, आणि पुढच्या काळात कार्यकर्त्यांची फळी बहुतांशी शिक्षणसंस्था आणि राजकीय पक्ष यांत वाटली गेली. त्यामुळे मराठवाड्यातल्या स्वयंसेवी संस्था संथपणे वाढल्या नाहीत, त्या आपत्तींच्या आणि संघर्षांच्या लाटांबरोबर आल्या.

१९७२ च्या दुष्काळाची एक लाट होती. आणीबाणीनंतरच्या समाजवादी तरुणांची दुसरी; अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये सुरू केलेले ‘मानवलोक’ हे तिचे ठळक उदाहरण. तिसरी लाट जातीच्या प्रश्नावर उठली. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत हा प्रश्न धगधगत राहिला. दलित चळवळीतले कार्यकर्ते एकनाथ आवाड ठाणे-रायगडच्या आदिवासी भागात ‘विधायक संसद’ या संस्थेबरोबर काम करून बीडला परतले, तेव्हा त्यांनी तेथले काम जसेच्या तसे आणले नाही. तिकडे मुख्य प्रश्न वेठबिगारीचा होता. इकडे तो गावच्या गायरानावर दलित कुटुंबाने केलेल्या पेरणीचा होता. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी तलाठ्याच्या दप्तरात नोंद शोधणे हेच आवाडांच्या मानवी हक्क अभियानाच्या कार्यकर्त्याचे मुख्य कौशल्य ठरले. आपण वडवणीत पाठवलेल्या समाजकार्य पदवीधरांना पीक पाहणीचा उतारा वाचता येतो का, हे कृपया विचारून पाहावे.

चौथी लाट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यानंतरच्या काही महिन्यांत देशातून आणि देशाबाहेरून संस्थांची रीघ लागली. बावन्न गावे नव्या जागी वसवायची होती आणि जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम चालणार होता. औसा-उमरगा-लोहारा पट्ट्यातल्या बारावी झालेल्या शेकडो मुलांना पहिली पगारी नोकरी मिळाली ती सर्वेक्षक म्हणून. त्या मुलांना मी पाहिले आहे. त्यांच्या हाती क्लिपबोर्ड आला, फटफटी आली, आणि ‘लाभार्थी’, ‘उद्दिष्ट’, ‘तिमाही अहवाल’ ही भाषा आली. प्रकल्प संपले तेव्हा त्यांतल्या हुशार मुलांनी स्वतःच्या संस्था नोंदवल्या. म्हणून या भागातल्या अनेक संस्थांना प्रस्ताव उत्तम लिहिता येतो, मुदतीत अहवाल देता येतो, परंतु गावात शंभर रुपये वर्गणी मागायला मात्र त्यांना अवघड जाते, कारण त्यांचा जन्म वर्गणीतून झालेला नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. त्याच कार्यक्रमात गावातल्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून घरबांधणीच्या देखरेखीवर नेमले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम बांधले, आणि त्या बायकांची गटबांधणी प्रकल्प संपल्यानंतरही टिकली. एकाच आपत्तीतून दोन प्रकारची रोपे उगवली. फरक एवढाच होता की एका ठिकाणी गावातल्या माणसाला माहिती गोळा करायला नेमले आणि दुसऱ्या ठिकाणी सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारायला नेमले.

पालघर आणि नंदुरबार येथे क्रमच उलटा आहे, तेथे संघटना आधी आणि संस्था नंतर. गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. त्याची आठवण डहाणू-तलासरीत अजून ताजी आहे. शहाद्याला १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि शहरातून आलेले तरुण यांनी श्रमिक संघटना बांधली. अशा भागात ज्याने मोर्चा काढलेला नाही त्याच्या बालवाडीत मूल पाठवायला आई कचरते. परंतु मोर्चा काढणाऱ्यांनाही बालवाडी हवी असते, म्हणून जोडघराची पद्धत येथे रूढ झाली : एक नोंदणीकृत विश्वस्त संस्था आणि तिच्या शेजारी एक सभासद संघटना. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची विधायक संसद १९७९ ची आणि श्रमजीवी संघटना १९८२ ची, हे या रचनेचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. नर्मदेच्या खोऱ्यात नर्मदा बचाओ आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, त्यामागेही लढणाऱ्या गावाला शाळेची असलेली गरजच होती. अर्थात पालघरच्याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला कोणताही मोर्चा न काढता अंगणवाडीची कल्पना घडवली, हेही खरे आहे. परंतु त्यांनी मुले येण्याची वाट न पाहता बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती.

जोडघराची हिशेबाची बाजू मी जवळून पाहिली आहे. एका कार्यालयात दोन कपाटे होती. एकात संस्थेची पावतीपुस्तके, दुसऱ्यात संघटनेची. मध्ये एकच टेबल, एकच टेलिफोन आणि एकच झेरॉक्सचे बिल. ते बिल कोणाच्या नावावर टाकायचे यावरून लेखापरीक्षक आणि कार्यकर्ते यांच्यात दरवर्षी वाद होई. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला राजकीय स्वरूपाच्या कामापासून दूर राहावे लागते, आणि मोर्चाला गेलेल्या जीपचे डिझेल संस्थेच्या खर्चात दिसले तर उत्तर द्यावे लागते. शेवटी त्यांनी फोनशेजारी एक वही ठेवली आणि प्रत्येक फोनपुढे ‘सं’ किंवा ‘संघ’ असे लिहायला सुरुवात केली. पुण्यातल्या एखाद्या संस्थेला ही वही हास्यास्पद वाटेल, परंतु त्या तालुक्यात संस्था टिकली ती या वहीमुळे.

विदर्भ हा एक प्रदेश नाहीच. वर्धा १९३६ पासून, गांधीजी सेवाग्रामला आल्यापासून, रचनात्मक कामाची पाठशाळा आहे. आनंदवन १९४९ चे. पश्चिम विदर्भात कापूस, कर्ज आणि आत्महत्या यांच्यामागोमाग २००६ च्या पंतप्रधान पॅकेजपासून प्रकल्पांचे पीक आले, आणि त्यातल्या पुष्कळ संस्थांची अवस्था किल्लारीनंतरच्या संस्थांसारखी झाली. मेळघाट वेगळा आणि गडचिरोली त्याहून वेगळी. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा पावसाळ्यात त्या भागाचा संपर्कच तुटत असे. जेथे सरकार पोचलेले नाही तेथे संस्थेला आपली कामे निवडता येत नाहीत. तिला दवाखानाही व्हावे लागते, शाळाही व्हावे लागते आणि भांडण मिटवायलाही बसावे लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा दवाखाना कसा हवा हे त्यांनी लोकांना विचारले, म्हणून तो आदिवासी घरांच्या धाटणीचा बांधला गेला, नातेवाइकांना राहायला त्यात जागा ठेवली गेली आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. मोठ्या शहरात हे सजावट म्हणून केले असते. येथे रुग्ण येणे न येणे त्यावर अवलंबून होते.

त्याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तेथे अभ्यासगट आणि सर्वसहमतीचा निर्णय ही पद्धत रुजली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबू आणि तेंदूपानाच्या विक्रीतून त्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांकडे असा पैसा येऊ लागला, की लहान संस्थेचे वर्षाचे अंदाजपत्रक त्यापुढे किरकोळ ठरावे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मला सर्वांत रंजक वाटलेला बदल हाच आहे. ग्रामसभेने पॅन काढला, बँकेत खाते उघडले, आणि संस्थेचा कार्यकर्ता पुढारपण सोडून तिचा हिशेबनीस झाला. काहींना हे मानवले, काहींना नाही. राज्यात इतरत्र संस्था गावाला निधी देते. येथे ग्रामसभा संस्थेला विचारते, की आमच्या लेखापरीक्षणाचे तुम्ही किती घ्याल?

कोकणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपला प्रश्न तिकडचा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावाची संस्था पुष्कळदा गावात नसते, ती लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत असते. चाकरमान्यांचे ग्रामविकास मंडळ शाळेला पत्रे घालते, देवळाचा जीर्णोद्धार करते, रस्त्यासाठी मंत्रालयात खेटे घालते, आणि महत्त्वाचे निर्णय गणपतीत किंवा मे महिन्यात होतात. बाहेरच्या संस्थेने जुलैत गावात बैठक घेतली तर तिला सगळे होकार मिळतात आणि पुढे काहीच होत नाही. मी स्वतः एकदा हे केले आहे; एक वर्ष वाया गेल्यावर एका वृद्ध गावकऱ्याने मला मंडळाच्या मुंबईतल्या सचिवाचा पत्ता दिला, आणि मी तो आधी मागितला का नाही याचे त्याला आश्चर्य वाटले. मुंबई शहरातल्या संस्था पुन्हा निराळ्या : पदपथावर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याचा खरा प्रश्न पुराव्याचा असल्यामुळे १९८० च्या दशकात ‘स्पार्क’, ‘युवा’ यांसारख्या संस्थांचे काम सर्वेक्षण, शिधापत्रिका आणि न्यायालय यांभोवती वाढले.

आपण असे म्हणाल, की मग माणसाला काही महत्त्वच नाही का? आहे. जामखेड आणि त्याला लागून असलेले बीडचे आष्टी-पाटोदा यांच्या जमिनीत आणि दुष्काळात फारसा फरक नाही. तरी १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले म्हणून गावच्या निरक्षर बाईला आरोग्यसेविका करण्याचे काम तेथे झाले. परंतु तेथेही पाहा, ते आले वैद्यकीय काम घेऊन आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच दुष्काळामुळे त्यांना पाणी आणि अन्न यांकडे वळावे लागले. काम होणार की नाही हे माणसावर अवलंबून राहिले, आणि ते कोणत्या क्रमाने व्हायचे हे तालुक्याने ठरवले.

दुर्दैवाने कायदा आणि पैसा हे दोन्ही प्रदेशातला हा फरक ओळखत नाहीत. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुण्यातल्या संस्थेला हे फक्त कंटाळवाणे वाटते, तर भामरागडच्या संस्थेला जिल्ह्याच्या गावी जाऊन येण्यात दोन दिवस मोडावे लागतात. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांवर सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चाचे बंधन आले. कायद्यातच कंपनीच्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, त्यामुळे हा निधी मुंबई-पुणे-चाकण पट्ट्याकडे झुकतो आणि हिंगोलीच्या वाट्याला कारखान्यांइतकाच, म्हणजे नगण्य येतो. परदेशी निधीविषयक कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मराठवाडा आणि नंदुरबारमधल्या पुष्कळ लहान गटांना पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत थोडा पैसा मिळत असे, तो या एका तरतुदीने आटला. आपली संस्था वडवणीत स्वतःची शाखा काढून बसली यालाही काही अंशी हेच कारण असावे, असा माझा तर्क आहे. पूर्वीच्या काळी आपण तेथल्या एखाद्या गटाला पैसे दिले असते आणि चुका त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केल्या असत्या.

आता आपण काय करावे? शाखा बंद करू नये, परंतु गटांच्या संख्येचे उद्दिष्ट ताबडतोब मागे घ्यावे. देणगीदाराला तसे स्पष्ट लिहावे. मी असे पत्र लिहिलेल्या संस्थांचा निधी बंद झालेला फारसा पाहिलेला नाही, खोटे आकडे सापडल्यावर मात्र झालेला पाहिला आहे. वर्षाचा आराखडा एप्रिल ते मार्च असा न करता परतण्यापासून जाण्यापर्यंत असा करावा. चैत्र-वैशाखात माणसे गावी येतात तेव्हा मुकादमाने केलेला हिशेब त्यांच्या हातात असतो किंवा नसतो. कोयत्याने किती टन तोडले, उचलीतले किती फिटले, किती पुढच्या वर्षावर गेले, हे तपासून देणारे कोणी नसते. बचतीऐवजी काम या हिशेबापासून सुरू करावे. दोन कार्यकर्त्यांना मार्गशीर्षात वडवणीतल्याच टोळ्यांबरोबर एखाद्या कारखान्याच्या अड्ड्यावर पंधरा दिवस राहायला पाठवावे. त्यातली एक तरी बाई असावी, कारण पहाटे फडात जाणाऱ्या बाईला काय सोसावे लागते ते पुरुष कार्यकर्त्याला कोणी सांगणार नाही. अभ्यासिकेचा पैसा मागे राहणाऱ्या मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाकडे आणि आजी-आजोबांच्या औषधाकडे वळवता येतो का, ते घटनापत्रातील उद्देशांत बसवून पाहावे. बहुधा बसेल, नसेल तर उद्देशात दुरुस्ती करून घ्यावी.

आणि हजेरीवहीत ‘गैरहजर’चा रकाना काढून टाकून तेथे दोन नवे रकाने आखावेत : कोणता कारखाना आणि कोणता मुकादम. पहिल्या वर्षी एवढे जरी भरून झाले, तरी पुढच्या श्रावणात उचल ठरताना आपल्या कार्यकर्त्याला ओट्यावर बसायला बोलावतील की नाही, हे आपल्याला कळेल.